स्वयंपाकघरातील द्रव्यविवेक
(मठाच्या वर्धापनोत्सवात लोहारदा येथे दिलेले व्याख्यान)



वर्धापनोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. वेदान्तावर अथवा भक्तिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. जन्मभर मी शाळेत मुलांना गणित शिकविले आणि घरी प्रपंचाचा जमाखर्च लिहिला. तेव्हा ज्या विषयात थोडेफार अनुभवाचे बोल काढता येतील, तोच विषय मी निवडला आहे. घरातील काटकसरीचा स्वयंपाक आणि त्यातून मुलांना लागणारे पैशाचे वळण, हा तो विषय होय.

मठाच्या व्यासपीठावर पैशाची आणि आमटीची गोष्ट कशाला, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या परंपरेने अन्नाला ब्रह्म मानले आणि द्रव्याला विश्वस्ताची ठेव मानली. मठाच्या कोठीत आलेला शिधा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. पंगतीत वाढणारा सेवेकरी मुक्त हस्ताने वाढतो. तथापि पातेल्याच्या तळाशी राहिलेला भातही तो वाया जाऊ देत नाही. हे औदार्य आणि ही काळजी एकाच हाताच्या ठिकाणी कशी नांदते, हेच मला आज पाहावयाचे आहे.

आपण माळव्यातील मराठी माणसे. अठराव्या शतकात पवार, होळकर, शिंदे यांच्याबरोबर आपले पूर्वज दक्षिणेतून इकडे आले आणि धार, देवास, इंदूर, उज्जैन या भागांत स्थायिक झाले. येताना त्यांनी आपले कुलदैवत आणले, भाषा आणली आणि जेवणाची पद्धतीही आणली. आपल्या स्वयंपाकघरात म्हणूनच दोन देश एकत्र नांदतात. गोडा मसाला आणि आमसूल तिकडचे. बाफले, थुली आणि मक्याची राबडी इकडची. माझ्या आजीच्या फडताळात दक्षिणेतून आलेले एक पितळी मापटे होते. बाजारात शेर-छटाकाचा हिशेब चाले. घरात मात्र त्या मापट्याचे राज्य होते. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे कोष्टक मी शाळेत जाण्यापूर्वीच शिकलो. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि पुढे १९६२ पर्यंत शेर-मणाची जागा किलोने घेतली. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. शाळेतील कोष्टके पार बदलली. आजीचे मापटे मात्र बदलले नाही.

त्या स्वयंपाकघरात काय घडत असे, ते थोडे विस्ताराने सांगतो. पुरणपोळीचा बेत असला म्हणजे हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी निथळून घेत. त्या पाण्याला आपण कट म्हणतो. त्यात चमचाभर पुरण, चिंच, गूळ आणि मसाला घालून वरून खमंग फोडणी दिली की कटाची आमटी तयार होई. जे पाणी अजाण माणसाने मोरीत ओतले असते, तेच सणाच्या पानातील सर्वांत चवदार पदार्थ होई. दोडक्याची भाजी होई आणि त्याच्या शिरांची तीळ-खोबरे घालून चटणी होई. लोणी कढविल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली बेरी मुलांना साखरेशी मिळे. तिच्यासाठी आम्हा भावंडांत भांडण होई, म्हणजे ती उरलेली वस्तू आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करली जाई, नाही तर फोडणीस पडे. बाफले उरले तर दुसऱ्या दिवशी ते कुटून, तूप-गूळ घालून लाडू वळले जात. चूल एकदा पेटली की तिच्यावर वरण, भात, भाकरी असे ओळीने होई. निखाऱ्यांवर दूध तापे, राखेत रताळी भाजली जात, आणि शेवटी ती राखही भांडी घासावयास कामी येई.

याला आपल्याकडे कोंड्याचा मांडा करणे म्हणतात. या म्हणीत मांडा आहे, हे आपण विसरता कामा नये. नुसता कोंडा पुढे ठेवणे ही काटकसर नव्हे. कोंड्यातून मांडा निर्माण करण्यास कष्ट लागतात, कौशल्य लागते आणि खाणाऱ्याविषयी प्रेम लागते. आजीच्या हातचे साधे पिठले खातानाही आम्हांला कधी आपण गरीब आहोत असे वाटले नाही. घरात रोकड बेताचीच होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

त्या घरातील आणखी एक नेम सांगतो, कारण माझ्या आजच्या म्हणण्याचा पाया तोच आहे. रोज सकाळी आजी मापट्याने तांदूळ काढी आणि ते धुण्यापूर्वी त्यातील एक मूठ वेगळी काढून कोपऱ्यातील मडक्यात टाकी. पाहुणे असोत, महागाई असो, ही मूठ चुकली नाही. महिनाअखेर ते धान्य कधी देवळात जाई, कधी वार लावून जेवणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या पानात जाई, तर कधी बाळंतपण झालेल्या गरीब शेजारणीकडे जाई. मडके उचलून देण्याचे काम आम्हा मुलांचे असे. एका मुठीत पन्नास ग्रॅम तांदूळ धरले तर वर्षाचे अठरा किलोंहून अधिक होतात. गणिताचा शिक्षक झाल्यावर मी हा हिशेब केला. लहानपणी मला एवढेच कळे की, आमच्या घरात दुसऱ्यास देण्याइतके नेहमीच असते.

आता दुसऱ्या एका घराची गोष्ट सांगतो. सुट्टीत आम्ही आजोळी जात असू. तेथेही कटाची आमटी होई, दोडक्याच्या शिरांची चटणी होई, शिळी भाकरी वाया जात नसे. पदार्थ तेच, मापही जवळजवळ तेच. परंतु तेथे पोळ्या मोजून वाढल्या जात आणि ती मोजणी मोठ्याने होई. "तुझी तिसरी झाली," असे मामी म्हणाली की हातातला घास जड होई. दाराशी कोणी आले की डबा झाकला जाई. मामींना मी आज दोष देत नाही. मामा एका नातेवाइकास जामीन राहिले होते आणि त्या जामीनकीत त्यांची जमीन गेली होती. पोळलेल्या घराची ती भीती होती. भीती मुलांना बोलून दाखवावी लागत नाही; ती पोळीच्या मोजणीतून पानात उतरते. माझी मामेभावंडे पुढे चांगली मिळवती झाली. त्यांतील एकाने आयुष्यभर पैसा साठविला आणि स्वतःच्या औषधालाही खर्चिला नाही. दुसऱ्याने हाती आलेला पैसा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला नाही. दोघेही एकाच पानावर वाढलेले! एकाने भीती सांभाळली, दुसरा तिच्यापासून पळाला.

मित्रहो, काटकसर आणि कृपणता यांची भांडी एक, चूल एक, जिन्नसही एकच असतात. त्यांतील भेद मुलाला चवीवरून कळत नाही. वाचविलेली मूठ कोठे जाते, हे पाहून तो कळतो. जेथे वाचविलेले पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडताना मुलास दिसते, तेथे ते मूल द्रव्याचा आदर करण्यास शिकते. जेथे ते कुलपाआड नाहीसे होते, तेथे ते द्रव्याचे भय शिकते.

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगत आहे असे समजू नका. मी स्वतः या परीक्षेत नापास झालेला माणूस आहे. लग्नानंतर आमचा स्वतंत्र संसार सुरू झाला. शिक्षकाचा पगार तो केवढा! मी आजीची सारी काटकसर उचलली. परंतु मडक्यातील मूठ मात्र मागे राहिली. दर महिन्यास मी पोस्टाच्या बचत खात्यात पैसे भरी आणि त्या पुस्तकातील वाढणारे आकडे रात्री पाहून समाधान पावे. मुलांना ते पुस्तक मी कधी दाखविले नाही. त्यांना दिसत होते ते वीस तारखेनंतरचे माझे निःश्वास, आणि ऐकू येत होते ते एकच वाक्य : "आपल्याजवळ पैसे नाहीत."

माझी मुलगी तिसरीत होती. वर्गात ती मागे पडू लागली, तेव्हा मी तिला रागे भरलो. एके दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेने मला सांगितले की, तिला फळ्यावरील अक्षर दिसतच नाही. ती शेजारच्या मुलीच्या वहीतून सारे उतरवून घेते. हे जवळजवळ वर्षभर चालले होते. घरी आल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारले, "बाळ, मला का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "बाबा, चष्म्याला पैसे पडतील ना."

पोस्टाच्या पुस्तकात त्या दिवशी चष्मा पन्नास वेळा घेता आला असता एवढी रक्कम होती. ती मी मुलांसाठीच साठविली होती. पण ज्यांच्यासाठी साठविली, त्यांनाच ती आपली आहे हे मी कळू दिले नव्हते. सज्जनहो, त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा आणला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस प्रथमच जमाखर्चाची वही आणि पोस्टाचे पुस्तक मुलांसमोर उघडून ठेवले. "पैसे नाहीत" हे वाक्य आम्ही घरातून काढून टाकले. त्याऐवजी "पैसे आहेत, परंतु ते अमुक कामासाठी ठेवले आहेत" असे म्हणू लागलो. आणि माझ्या पत्नीने कोपऱ्यात पुन्हा एक मडके ठेवले.

अलीकडे या विषयावर परदेशी विद्वानांनीही प्रयोग केले आहेत. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात २०१२ च्या सुमारास एक प्रयोग झाला. तीन ते पाच वर्षांच्या अठ्ठावीस बालकांपुढे मिठाई ठेवून सांगण्यात आले की, थोडा वेळ धीर धरलास तर दुप्पट मिळेल. तत्पूर्वी काही बालकांना दिलेले वचन पाळण्यात आले होते, तर काहींच्या बाबतीत ते मोडण्यात आले होते. ज्यांच्या बाबतीत वचन पाळले गेले, ती मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली. ज्यांच्या बाबतीत मोडले, ती तीनच मिनिटे. यावरून काय दिसते? मुलाचा संयम केवळ त्याच्या अंगच्या स्वभावावर अवलंबून नसतो. घरातील थोरांच्या शब्दावर त्याचा विश्वास किती, यावरही तो ठरतो. दिवाळीस झगा घेईन म्हणून सांगितले आणि घेतला, तर मूल पुढच्या दिवाळीपर्यंत थांबते. तीनदा शब्द मोडला, तर हाती लागेल ते आजच संपवावे, हेच ते शिकते. बचत ही विश्वासाच्या पोटी जन्माला येते.

याचा विचार करताना आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातील एक उदाहरण मला नेहमी आठवते. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव बालवयातच, १८९९ साली, गादीवर आले. त्यांच्या शिक्षणासाठी मॅल्कम डार्लिंग हे इंग्रज अधिकारी नेमले गेले. गुरुशिष्यांचा स्नेह आजन्म टिकला. महाराज बुद्धिमान होते, उदार होते, कृष्णभक्त होते. त्यांच्या दरबारी १९२१ साली खासगी चिटणीस असलेले कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्या काळच्या गोकुळअष्टमीच्या उत्सवाचे मोठे जिव्हाळ्याचे वर्णन केले आहे. परंतु संस्थान कर्जात बुडाले. १९३३ च्या अखेरीस महाराजांनी देवास सोडले, ते पाँडिचेरीस गेले आणि १९३७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. या कर्जाला एकच कारण नव्हते, आणि दिवंगत व्यक्तीला दोष देण्याचा माझा हेतूही नाही. मला आश्चर्य वाटते ते याचे की, त्यांचे गुरू डार्लिंग हे पुढे शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचे थोर अभ्यासक झाले. १९२५ साली त्यांनी पंजाबातील शेतकऱ्यांविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यात दाखवून दिले की, कर्ज केवळ दारिद्र्यातून वाढत नाही. भरभराट आली, पत वाढली, की तिच्याबरोबर कर्जही वाढते. असा गुरू लाभूनही शिष्याचे संस्थान ऋणात बुडाले. मनाशी विचार येतो की, हा धडा पुस्तकातून अथवा गुरुमुखातून मिळण्यापूर्वी तो मडक्याच्या तळाशी मिळावा लागतो. आणि राजवाड्यात वाढणाऱ्या बालकास मडक्याचा तळ कोण दाखविणार?

तथापि राजघराण्यात हे वळण लागूच शकत नाही असे मात्र नव्हे. याच माळव्यात त्याचे उज्ज्वल उदाहरण आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावच्या पाटलाची कन्या बालवयात होळकरांची सून होऊन आली. तिच्या सासूबाई गौतमाबाई यांच्या नावे १७३४ साली पेशव्यांनी स्वतंत्र खासगी उत्पन्न लावून दिले होते. दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा, ही मर्यादा त्या घरात होती. अहिल्याबाई त्या शिस्तीत वाढल्या. १७६७ ते १७९५ या काळात राज्यकारभार त्यांच्या हाती होता, तेव्हाही त्यांनी ती मर्यादा सांभाळली. त्यांची देवळे, घाट, विहिरी आणि अन्नछत्रे यांमागे या खासगीचे बळ होते. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे राहिले. अहिल्याबाईंची राहणी साधी होती आणि दान देशभर होते. खासगी म्हणजे राजघराण्यातील मुठीचे मडकेच, असे मला वाटते. प्रजेच्या मापट्यात हात न घालता आपल्या वाट्यातून धर्म करावयाचा, हे त्यांना सासरच्या घरात दिसले होते.

हीच मूठ पुढे लोकांच्या झोपड्यांतून निघाली आणि तिने शाळा उभ्या केल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास त्यांचे वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ साली महात्मा गांधींनी तेथे भेट दिली. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकातही हात लावीत. परंतु त्यांना जेवू घालावयाचे कशातून? कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील, मुलांच्या अन्नासाठी दिले. आणि गावोगावच्या माउलींनी मुष्टिफंडात रोजची मूठ दिली. दळणापूर्वी काढलेली धान्याची मूठ मडक्यात जाई आणि तेथून वसतिगृहाच्या पातेल्यात पोहोचे. ज्या बाईस स्वतःला अक्षर येत नव्हते, तिने कोंड्यातून वाचविलेल्या मुठीवर दुसऱ्याचे मूल शिकले. त्या बाईच्या घरातील मुलांनी रोज सकाळी काय पाहिले असेल, याचा विचार करा. आपले घर लहान असले तरी देणाऱ्यांचे आहे, हेच त्यांनी पाहिले.

या मुठीत एक व्यावहारिक शहाणपणही आहे. ती शिजविण्यापूर्वी काढली जाते. जेवण झाल्यावर उरेल ते देऊ म्हटले तर काहीच उरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. आधी काढावी, मग शिजवावे, आणि जे आहे त्यात चव आणावी. पगार हाती आल्याबरोबर प्रथम बचत आणि दानाचा भाग वेगळा काढणारा गृहस्थ हेच करीत असतो.

आता काळ पालटला आहे. धान्य पिशवीतून येते, मापटे शोभेच्या वस्तूंत गेले, आणि पैसा तर दिसेनासाच झाला आहे. खिशातील फोनवर बोट ठेवले की देणे भागते. मुलास नोट दिसत नाही, मोड परत आलेली दिसत नाही, डब्याचा तळ लागलेला दिसत नाही. वस्तू आज घ्या, पैसे हप्त्याने द्या, असे जो तो सांगतो. डार्लिंग यांनी शंभर वर्षांपूर्वी जे पंजाबात पाहिले, ते आज आपल्या घरात येऊन बसले आहे : पत वाढली आणि तिच्यामागून ऋण आले. अशा वेळी मुलांना उपदेश करून भागणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरेच. पण ते अंथरूण केवढे आहे, हे मुलास कोणी तरी दाखविले पाहिजे.

म्हणून आपणास माझी नम्र विनंती एवढीच आहे. आठवड्यातून एक दिवस मुलांना स्वयंपाकघरात बरोबर घ्या. मुलींना घ्या आणि मुलांनाही घ्या. त्यांच्या हातांनी तांदूळ मोजू द्या, दोडका सोलू द्या, कटाची आमटी करू द्या. महिन्याचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. दिलेला शब्द, तो चार आण्यांच्या वस्तूचा का असेना, पाळा. पाळता येणार नसेल तर देऊ नका. पानातील पोळ्या मोजू नका. आणि रोज एक मूठ काढून ठेवा. ती मठात आणून द्या असे मी म्हणत नाही. शेजारी कोणाचे मूल उपाशी असेल तर तेथे द्या. मात्र ती नेऊन देण्याचे काम आपल्या मुलावर सोपवा.

माझी मुलगी आता स्वतः आजी होण्याच्या वयास आली आहे. गेल्या वर्षी मी तिच्याकडे गेलो होतो. गॅसच्या शेगडीजवळ, यंत्रांच्या गर्दीत, एक काचेची बरणी दिसली. तिच्यात तांदूळ होते. मी काही विचारले नाही. तिच्या धाकट्या मुलाने मात्र मला आपण होऊन सांगितले, "आजोबा, यातले आपले नाहीत बरं का."

बंधुभगिनींनो, माझ्या आजीने मला काही शिकविले असे तिला कधी वाटले नसेल. तिने नुसती मूठ काढली. आपल्या घरोघरी तशी मूठ निघत राहो, आणि ती नेऊन देणारी लहान पावले या गावाच्या रस्त्यांवर दिसत राहोत, एवढी प्रार्थना गुरुचरणी करून मी आपली रजा घेतो.